ब्लडी मेरी घरी करताना टोमॅटोच्या रसाचे चोथा-पाणी का होते?

एरंडवणेकर

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास न्याहारी आणि जेवण एकत्रच उरकण्याची पद्धत आमच्या घरी आता चांगली रुळली आहे. थालीपीठ असते, अंड्याचे काहीतरी असते, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही नवरा-बायको एकेक ग्लास ब्लडी मेरी, म्हणजे व्होडका घातलेला टोमॅटोचा मसालेदार रस, घेतो. बाहेर हे पेय अनेकदा घेऊन पाहिले, पण कधी त्याला डबाबंद रसाचा गोडसर वास येत असे, तर कधी ते इतके तिखट असे की टोमॅटो शोधावा लागे. टोमॅटोच्या सारावर वाढलेल्या माणसाला टोमॅटोचे पेय बेचव लागावे, हे मला पटेना, म्हणून ते घरी करायचे ठरवले.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला. मंडईतून आणलेले एक किलो टोमॅटो चिरून कच्चेच मिक्सरमधून काढले, चाळणीतून गाळले आणि मीठ-मिरी घालून ग्लासात ओतले. रस लाल न राहता फिकट गुलाबी झाला आणि त्यावर बोटभर फेस आला. दहा मिनिटांत ग्लासात खाली पिवळसर पाणी आणि वर तरंगणारा चोथा असे दोन थर दिसू लागले. कितीही ढवळले तरी पुन्हा तेच. चवीलाही किंचित कडवटपणा होता, तो बिया वाटल्या गेल्यामुळे आला असावा.

नंतर वाचन केल्यावर कारण उमगले. टोमॅटोच्या रसाला जो दाटपणा असतो तो मुख्यतः पेक्टिनमुळे. टोमॅटो चिरला किंवा ठेचला की पेशी फुटतात, आणि तोवर पेशींत निमूट असलेली विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या पेक्टिनचे तुकडे करू लागतात. हे काम काही मिनिटांतच होते, आणि पेक्टिन तुटले की गर पाण्याला धरून ठेवत नाही. टोमॅटोचा रस आणि गर काढणाऱ्या कारखान्यांत यावरूनच दोन पद्धती पडल्या आहेत. टोमॅटो चिरडल्याबरोबर नव्वद अंशांच्या आसपास तापवून विकरे मारली, की ते हॉट ब्रेक. कमी उष्णतेवर ठेवून विकरांना काम करू दिले, की ते कोल्ड ब्रेक. पहिल्या पद्धतीत दाटपणा टिकतो आणि दुसऱ्या पद्धतीत ताजा वास अधिक राहतो. मी मिक्सरमध्ये केलेला प्रकार कोल्ड ब्रेकपेक्षाही वाईट होता, कारण विकरांना मोकळे रान मिळाले होते आणि वर पात्याने भरपूर हवाही कोंबली गेली होती.

आता मी असे करतो. दीड किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो धुऊन, पुसून ठेवतो. जाड बुडाचे स्टीलचे पातेले गॅसवर ठेवून त्यात चार-पाच टोमॅटो चिरून टाकतो आणि लगेच डावाने चेचतो. त्यांचा रस उकळू लागला की पुढचे टोमॅटो एकेक करून चिरत थेट त्या उकळत्या रसात सोडतो, म्हणजे चिरलेली फोड गार अवस्थेत फार वेळ राहत नाही. सगळे टोमॅटो एकदम चिरून ताटात ठेवायचे आणि मग शिजवायला घ्यायचे, ही आपली नेहमीची सवय येथे मोडावी लागते. सगळे पडल्यावर पाच-सात मिनिटे उकळू देतो, त्याहून जास्त नाही. जास्त आटवले तर त्याची चव सॉसकडे झुकते. पातेले ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेल्या पितळेचे घेऊ नये, कारण टोमॅटोचे आम्ल धातूला लागते.

गाळण्यासाठी पुरणयंत्र काढले आणि मला वाटते हाच माझा खरा शोध आहे. पुरणयंत्राला सर्वांत बारीक छिद्रांची जाळी लावून त्यात गरम टोमॅटो ओतावेत आणि दांडा सावकाश फिरवावा. पहिल्या काही फेऱ्यांत नुसते पातळ पाणी खाली पडते आणि आपण चुकलो असे वाटते; पण पाते साली दाबू लागले की दाट, गडद लाल गर जाळीखालून पाघळू लागतो, आणि वर अखेरीस कागदासारख्या गुंडाळलेल्या साली आणि बिया तेवढ्या उरतात. अधूनमधून दांडा उलटा फिरवला की जाळीला चिकटलेले सुटते. हवा शिरत नाही, बी फुटत नाही, रंग लालच राहतो. दीड किलोचा साधारण एक लिटर रस होतो. त्यात सपाट एक चमचा मीठ घालून तो झाकून गार करतो आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो.

शिजवल्याने जो ताजेपणा जातो तो थोडा परत आणण्यासाठी एक पिकलेला टोमॅटो कच्चाच किसणीवर किसून, गाळून, त्याचा दोन चमचे रस प्रत्येक ग्लासात घालतो. हा कच्चा रस आदल्या दिवशी मिसळून ठेवू नये, कारण त्याबरोबर ती विकरेही परत येतात.

एका ग्लासाचे माझे प्रमाण असे आहे: ४५ मिली व्होडका, १२० मिली रस, दोन चमचे लिंबाचा रस, वूस्टर सॉसचे तीन झटके, टबॅस्को या तिखट मिरची-सॉसचे चार थेंब, ताजी कुटलेली मिरी आणि सेलरी या परदेशी भाजीचे चिमूटभर मीठ. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत ४५ मिली व्होडकाला ९० मिली टोमॅटोरस आणि १५ मिली लिंबूरस असे प्रमाण आहे, पण मला टोमॅटो अधिक हवा असतो. हे शेकरमध्ये घुसळू नये, नाहीतर पुन्हा फेस होतो आणि रस पातळ पडतो. दूध निववताना आपण जसे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओततो, तसे बर्फासह चार-पाच वेळा वर-खाली करावे, एवढे पुरते.

माझ्या दोन अडचणी उरल्या आहेत. एक, अनेक पाककृतींत हॉर्सरॅडिश नावाचे तिखट मूळ किसून घालतात, ते मला पुण्यात ताजे मिळाले नाही आणि बाटलीतले आणले ते निव्वळ आंबट निघाले. दुसरी, आमच्या मित्रमंडळींत शाकाहारी लोक आहेत आणि वूस्टर सॉसमध्ये मासे असतात असे ऐकतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

कुकडीकाठ

आमचे टोमॅटो जुन्नर तालुक्यात होतात आणि नारायणगावच्या बाजारात जातात, त्यामुळे पातेल्यापर्यंत पोहोचण्याआधीच्या गोष्टींबद्दल थोडे लिहितो. आपण बाजारात पाहता त्यातला बराच माल लांबच्या प्रवासासाठी निवडलेल्या संकरित वाणांचा असतो. त्याची साल जाड, गर घट्ट आणि रस कमी असतो, कारण वीस किलोच्या क्रेटमध्ये भरून शेकडो किलोमीटर गेल्यावरही तो फुटता कामा नये. शिवाय दूरच्या गाडीसाठी तोडा करताना फळाला नुकता रंग चढू लागला की ते खुडावे लागते. ते वाटेत लाल होते, पण वेलीवर पिकलेल्या फळाची गोडी आणि वास त्याला येत नाही.

तुम्हाला रसासाठी हवा आहे तो आमच्या भाषेत लाल माल. वेलीवर पूर्ण लाल झालेले, हाताला किंचित मऊ लागणारे फळ व्यापारी दूरच्या गाडीत घेत नाही, आणि त्यामुळे ते जवळपासच्या बाजारात कमी भावाने जाते. मंडईत सकाळी जाऊन घट्ट, चकचकीत ढिगाऐवजी हा मऊ ढीग मागा. तडा गेलेले, बुरशीचा ठिपका असलेले फळ मात्र घेऊ नका. शक्य असेल तेव्हा गावरान, खाचा असलेले चपटे टोमॅटो एक-तृतीयांश मिसळा, म्हणजे आंबटपणा येतो आणि लिंबू कमी लागते.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका. बारा अंशांच्या खाली फळ राहिले की त्याचा वास तयार होणे मंदावते, आणि पुन्हा बाहेर काढले तरी तो पूर्ण परतत नाही. देठाची बाजू खाली करून टोपलीत ठेवा. रस केल्यावर काय ते फ्रीजमध्ये जाऊ द्या.

माजघर

मी मद्य घेत नाही, पण तुमची पहिली अडचण वाचून राहवले नाही. अहो, नाकात जाणारा तिखटपणा हवा असेल तर फेसलेली मोहरी घरात असताना परदेशी मूळ कशाला शोधायचे? काकडीच्या कोशिंबिरीत, लोणच्यात आपण जी मोहरी फेसून घालतो तिचा झणका आणि तुम्ही म्हणता त्या मुळाचा झणका एकाच जातीचा आहे. माझी सून रसायनशास्त्र शिकवते. तिने सांगितले की दोन्हींत एकच द्रव्य तयार होते, त्याचे नाव ॲलिल आयसोथायोसायनेट. ते बियात आयते नसते. बी फुटून त्याला पाणी लागले की विकराच्या कामामुळे ते निर्माण होते. म्हणूनच अख्खी मोहरी चावली तर आधी काहीच वाटत नाही आणि मग झणका बसतो.

यासाठी आपली बारीक काळी मोहरीच घ्यावी. पिवळी-पांढरी मोहरी जिभेला तिखट लागते, पण ती नाकात जात नाही. काळ्या सालीचे ठिपके तुमच्या लाल पेयात दिसू नयेत असे वाटत असेल तर लोणच्यासाठी मिळते ती मोहरीची डाळ आणा, तिच्यावर साल नसते.

आता फेसण्याची रीत. दोन चमचे डाळ खलात कोरडीच बारीक कुटावी. मग चमचा-चमचा गार पाणी घालत एकाच दिशेने घोटत राहावे. पहिल्यांदा ती पिवळी आणि वाळूसारखी दिसते. चार-पाच मिनिटांनी रंग उजळतो, ती फुगून हलकी होते, बत्त्याला धरून वर येते, आणि खलावर वाकले की डोळ्यांत पाणी येते. तेव्हा ती फेसली असे समजावे. झाकून दहा मिनिटे ठेवली की मोहरी चढते. पाणी गरम नको, आणि लिंबू किंवा व्हिनेगर सुरुवातीला मुळीच नको. त्याने मोहरी चढतच नाही आणि नुसती कडू राहते. चढल्यावर मात्र थोडे व्हिनेगर आणि मीठ घातले तर तिखटपणा टिकतो. अशी मोहरी बाटलीत घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये चार दिवस ठेवता येते, पण खरी चव पहिल्या दिवशीच.

एका ग्लासाला पाव चमच्याहून जास्त घालू नका. आणि पुरणयंत्राचे वाचून फार बरे वाटले. होळीनंतर वर्षभर ते माळ्यावर पडून असते.

एरंडवणेकर

माजघर, आपले मनापासून आभार. मी मागे एकदा मोहरी मिक्सरमध्ये व्हिनेगर घालूनच वाटली होती आणि ती इतकी कडू झाली की टाकून द्यावी लागली. चूक नेमकी कुठे झाली ते आज कळले. या रविवारी आपल्या रीतीने करून येथे लिहितो.

मुळाकाठ

या पेयाचा इतिहास थोडक्यात नोंदवून ठेवतो. फर्नांड पेटिओ हा फ्रेंच बारमन १९२० च्या दशकात पॅरिसमधील हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये काम करीत होता, आणि बहुतेक लोक हे पेय त्याच्या नावावर घालतात. जॉर्ज जेसेल हा अमेरिकी नट आणि विनोदवीरही आपणच ते प्रथम केले असे सांगत असे. पेटिओ पुढे न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात किंग कोल बारमध्ये आला. तेथे ब्लडी मेरी हे नाव अशिष्ट वाटले म्हणून त्याच पेयाला रेड स्नॅपर म्हणत. १९६४ मध्ये दिलेल्या एका मुलाखतीत पेटिओने मोठ्या प्रांजळपणे सांगितले होते, की जेसेलचे पेय म्हणजे व्होडका आणि टोमॅटोरस एवढेच होते. मीठ, मिरी, लाल तिखट, लिंबू आणि वूस्टर सॉस आपण घातले. मला हे उत्तर आवडते, कारण या पेयाचे सगळे मर्म त्याने घातलेल्या मसाल्यातच आहे.

ग्लासात सेलरीचा दांडा ठेवण्याची पद्धत बरीच नंतरची आहे. ती १९६० च्या दशकात शिकागोच्या ॲम्बॅसडर ईस्ट हॉटेलात सुरू झाल्याची गोष्ट सांगतात. सेलरी आपल्याकडे परदेशी भाज्या विकणाऱ्या गाळ्यांवर मिळते. दांडे ढवळण्यासाठी वापरावेत आणि पाने फेकू नयेत. ती सावलीत कुरकुरीत वाळवून, समभाग मिठाबरोबर चुरली की सेलरीचे मीठ तयार होते. काष्ठौषधींच्या दुकानात अजमोदा मागून बी आणणार असाल तर आधी वास घेऊन पाहा, कारण त्या नावाखाली वेगवेगळ्या वनस्पतींचे बी मिळते आणि काहींचा वास थेट ओव्याकडे जातो. ओवा या पेयात चालत नाही. मी घालून पाहिला आहे. सगळे पेय पोटदुखीच्या औषधासारखे लागू लागले.

व्होडका भारी हवी का, असे अनेक जण विचारतात. २०११ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात नील दा कोस्टा या रसायनतज्ज्ञाने या पेयाच्या घटकांचा आढावा मांडला होता. त्याचा सल्ला असा, की मसाल्याच्या गर्दीत व्होडकाचे बारकावे कळत नाहीत, तेव्हा पैसे चांगल्या टोमॅटोरसावर खर्च करावेत, पेय आयत्या वेळी करावे आणि ते भरपूर गार ठेवावे. आम्ल पदार्थ असल्याने मिसळल्यावर त्याची चव बदलत जाते. माझा अनुभवही तसाच आहे: लिंबू घालून तासभर ठेवलेले पेय निस्तेज लागते.

निरामिष

वूस्टर सॉसबद्दल आपण ऐकले ते बरोबर आहे. ली अँड पेरिन्स यांचा मूळ सॉस १८३७ पासून विकला जात आहे आणि त्यात आंबवलेल्या अँकोव्ही नावाच्या माशांचा वापर होतो. मात्र त्याच यादीत चिंच, व्हिनेगर, काकवी, कांदा आणि लसूणही आहेत. आपल्याकडे बनणारे काही वूस्टर सॉस माशांविना असतात. बाटलीवरील हिरवी खूण पाहून घ्यावी, एवढी काळजी पुरेशी आहे.

मी घरी असा करतो. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा चिंचेचा दाट कोळ, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा काळपट गूळ, एक ठेचलेली लसूण पाकळी आणि दोन लवंगांची पूड एकत्र करून मंद आचेवर एक उकळी आणावी आणि गाळून घ्यावे. माशाने जी खोल चव येते तिच्यासाठी वाळलेल्या शिटाके अळिंबीचे दोन तुकडे गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोन चमचे घालावे. टोमॅटोत ग्लुटामेट हे खोल चव देणारे द्रव्य मुळातच असते. माशातली आणि वाळलेल्या अळिंबीतली काही द्रव्ये त्या ग्लुटामेटची चव कित्येक पटींनी वाढवतात. वूस्टर सॉसचे तीन झटके एवढे काम करतात ते यामुळे. सोया सॉस खारट असतो, तेव्हा रसातील मीठ तेवढे कमी करावे.

शिवल्या

आम्ही मासे खाणारे, त्यामुळे मी अगदी उलट दिशेने लिहिते. कॅनडात या पेयाचा सीझर नावाचा प्रकार फार लोकप्रिय आहे. वॉल्टर चेल यांनी १९६९ मध्ये कॅल्गरी येथे तो केला आणि त्यात टोमॅटोच्या रसात शिंपल्यांचा रस असतो. आता शिंपल्यांचा रस म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे पाणी, हे मला एका रविवारी तिसऱ्या वाफवताना सुचले.

गणेश पेठेच्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणल्या की त्या चार-पाच वेळा पाणी बदलून स्वच्छ धुवाव्यात. बंद असलेल्याच घ्याव्यात; उघड्या असतील आणि टिचकी मारूनही मिटत नसतील तर टाकून द्याव्यात. पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून सगळ्या उघडेपर्यंत वाफवाव्यात, आणि जे पाणी सुटते ते फडक्यातून गाळून घ्यावे, कारण तळाशी वाळू असतेच. हे पाणी समुद्रासारखे खारट असते. एका ग्लासात १०० मिली टोमॅटोरसाला २० मिली पाणी पुरते, आणि मग वेगळे मीठ अजिबात घालू नये. ते त्याच दिवशी संपवावे. तिसऱ्या अर्थात सुक्क्यासाठी वापराव्यात. शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना हा ग्लास चुकूनही जाऊ नये, म्हणून मी तो वेगळ्या रंगाच्या ग्लासात देते.

नवखा

दोन प्रश्न विचारतो. रात्री जास्त झाल्यावर सकाळी हे पेय उतारा म्हणून घेतात, त्यात तथ्य आहे का? आणि घरी पाहुण्यांना देताना कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे?

एरंडवणेकर

उताऱ्याबद्दल स्पष्टच लिहितो. आदल्या रात्रीच्या मद्याचा त्रास पुन्हा मद्य घेऊन बरा होत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. टोमॅटोचा रस, मीठ आणि पाणी यांनी बरे वाटते, पण त्यासाठी व्होडका लागत नाही. आपल्याकडील व्होडकात सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ४५ मिलीत साधारण १५ ग्रॅम. मसाल्यामुळे तो जाणवत नाही आणि दुसरा ग्लास सहज जातो, म्हणून आम्ही मापाने ओततो आणि एकावर थांबतो. त्यानंतर गाडी चालवायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. रिकाम्या पोटी तर घेऊच नये, कारण टोमॅटो, लिंबू आणि तिखट तिन्ही मिळून पित्त खवळते.

कायद्याचे म्हणाल तर महाराष्ट्रात व्होडकासारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो अधिकृत दुकानातून मिळू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या भाचरांपैकी दोघे २३ वर्षांचे आहेत. त्यांना आम्ही मद्याविना ग्लास देतो.

माजघर

मद्याविना ग्लास कसा करता तेही लिहा. माझ्यासारख्या बऱ्याच जणी तोच करतील, आणि तो उरल्यासुरल्या रसाचा केविलवाणा ग्लास असू नये.

एरंडवणेकर

आपले म्हणणे अगदी योग्य आहे, आणि मी यावर बराच विचार केला आहे. नुसती व्होडका वगळली की पेय जड आणि सपाट लागते, कारण मद्य दोन कामे करीत असते: रस पातळ करते आणि घशाला चटका देते. शिवाय मिरचीचा तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, मद्यात उतरतो. म्हणून मद्याविना ग्लासात मी १५० मिली रसाला ३० मिली अगदी गार पाणी घालतो, लिंबू अर्धा चमचा वाढवतो आणि हिरवी मिरची रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवून त्या व्हिनेगरचे सात-आठ थेंब घालतो. लाल तिखटाची पूड घालू नये. ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला ठसका लागतो. बर्फ मोठा हवा. स्टीलच्या लहान वाटीत पाणी गोठवून तो एकच मोठा गोळा ग्लासात सोडला की सावकाश वितळतो. टोमॅटोरसाचाच बर्फ करूनही पाहिला, पण थोडे पाणी सुटले नाही तर पेय शेवटी शेवटी फारच दाट होते.

एरंडवणेकर

काल रविवार होता, ठरल्याप्रमाणे लिहितो. कुकडीकाठ यांनी सांगितलेला मऊ ढीग मंडईत सकाळी साडेसातला मिळाला. मी नेहमी टाळत असे तोच तो ढीग होता, आणि भावही कमी होता. रस इतका गोड-आंबट झाला, की लिंबू एक चमच्यावर आणावे लागले.

मोहरीची डाळ बायकोने फेसली. दुसऱ्याच मिनिटाला मी घाईने चाखली तेव्हा ती कडूच होती आणि मी निराश झालो. दहा मिनिटांनी झाकण काढले तेव्हा मात्र खलावर वाकल्याबरोबर दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. पाव चमचा ग्लासाच्या तळाशी लिंबाच्या रसात आधी कालवून घेतली आणि मग रस ओतला, नाहीतर तिच्या गुठळ्या राहतात. पहिल्या घोटाला टोमॅटो, मग मीठ आणि चिंच, आणि गिळल्यानंतर क्षणभराने नाकाच्या शेंड्याशी मोहरी. इतक्या महिन्यांत हा क्रम प्रथमच असा जुळला. चौघांपैकी दोघे मद्य न घेणारे होते आणि त्यांचे ग्लास आधी रिकामे झाले. निरामिष यांचा सॉस सर्वांनाच चालला, म्हणून आता मूळ सॉसची बाटली आणणार नाही.

बरोबर कोथिंबीर वडी ठेवली होती, ती या पेयाशी फार छान लागते. साबुदाणा वडा मात्र जड झाला.

कुकडीकाठ

वाचून समाधान वाटले. पुरणयंत्रात उरलेल्या साली आणि बियांचे काय करता? आमच्याकडे त्या गुरांना जातात, पण शहरात वाया जात असतील.

एरंडवणेकर

आजवर कुंडीत घालत होतो. या वेळी साली बियांपासून वेगळ्या करून ताटात पसरल्या आणि गच्चीवर दोन उन्हे दिली. त्या पूर्ण कडक वाळल्या, म्हणून खलात जाड मीठ आणि थोडी मिरी घालून कुटल्या. विटकरी रंगाचे मीठ झाले आहे आणि त्याला वाळवणाचा, किंचित आंबट वास आहे. ग्लासाच्या कडेला लिंबाची फोड फिरवून त्या मिठात ग्लास उपडा टेकवायचा, असे पुढच्या वेळी करणार आहे. तोवर ते बाटलीत भरून ठेवले आहे, आणि आज दुपारी काकडीवर घालून खाल्ले.